नऊ खेपांची पोच

मालक : ...म्हणून म्हणतो वहिनी, एवढ्याशा गोष्टीसाठी तुम्ही कशाला उन्हातान्हाच्या आलात? उस्तादांनी एक फोन टाकला असता, काम झालं असतं.

बायको : सतरा टाकले. सोळा वेळा तुम्ही उचलला नाही. सतराव्यांदा उचललात आणि आवाज बदलून म्हणालात, मालक बाहेरगावी गेलेत.

मालक : मी? छे, छे! दुसऱ्या कुणीतरी उचलला असेल.

बायको : त्या दुसऱ्यालाही तुमच्यासारखाच खोकला आहे मग.

ड्रायव्हर : अगं, जाऊ दे ना. मुद्द्याचं बोल.

बायको : मुद्द्याचं तुम्ही बोला! पाच महिन्यांत तुमच्या तोंडून शब्द फुटला नाही, म्हणून तर मी दुकान बंद ठेवून आले. लोकांच्या कपड्यांचे दोन गठ्ठे इस्त्रीवाचून पडलेत.

मालक : आधी बसा तरी. तिथे नको, त्या टायरवर कपडे काळे होतील. ही खुर्ची घ्या. उस्ताद, तुम्ही इकडे या. चहा सांगतो.

बायको : चहा नको. मागच्या वेळी यांना चहाच पाजलात. तो पिऊन घरी आले आणि मला म्हणाले, बिचारा अडचणीत आहे.

मालक : आहेच ना वहिनी! खोटं कशाला सांगू? पार्ट्यांकडे बिलं तुंबलीत. त्या सिमेंटवाल्याने तीन महिने छदाम दिलेला नाही. डिझेलवाला रोज दारात उभा. माझे पैसे सुटले, की पहिले उस्तादांचे. शब्द आहे माझा.

बायको : फाटकातून आत येताना नवी गाडी दिसली. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नाही.

मालक : ती होय? ती बँकेची आहे. नावाला माझी.

बायको : आरशाला रिबीन मात्र बँकेने बांधली नसेल.

मालक : काय बोलता वहिनी! उस्ताद, आता तुम्हीच सांगा यांना. आपलं नातं काय पगारापुरतं आहे? वीस वर्षं झाली. मी तुमच्या गाडीवर क्लीनर होतो. काच पुसायचो, चढावर गाडी थांबली की खाली उडी मारून चाकामागे दगड लावायचो.

ड्रायव्हर : चाकाच्या पुढे लावायचास. गाडी मागे सरकायची ती सरकायचीच.

मालक : आणि तुम्ही खाली उतरून एक ठेवून दिली होती कानाखाली! अजून आठवतं. पण स्टेअरिंग हातात दिलंत ते तुम्हीच. माझी पहिली खटारा गाडी कुणी हातात धरत नव्हतं, तेव्हा चांगली नोकरी सोडून तुम्ही आलात. हे मी विसरेन?

बायको : तेव्हाही पगार कमीच घेतला होता यांनी. भिडेखातर. वर्षभर घरात दोन चपला होत्या, चौघांत. गोड बोलणं झालं असेल तर आकडा बोला.

मालक : बोलतो ना. अगदी उघड बोलतो. दोन महिन्यांचे आत्ताच्या आत्ता देतो. रोख. ड्रॉवरमध्ये आहेत, मोजून घ्या. उरलेले तीन पुढच्या महिन्यात. फक्त एक करायचं, उस्तादांनी सोमवारी कामावर यायचं. आणि गाडी कुठली, तर ती नवी. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला मन धजत नाही माझं.

बायको : दोन आत्ता?

मालक : आत्ता.

बायको : अहो, ऐकताय ना? नवी गाडी आहे. तुम्हीच म्हणायचात, जुनीचा क्लच दाबून गुडघा गेला.

ड्रायव्हर : नको.

बायको : नको काय नको? घरी बसून महिना झाला. खिडकीतून रस्त्याकडे बघत बसता. मला वाटलं, पगारावरून रागावून सोडलंत. आता तर हे द्यायला निघालेत!

ड्रायव्हर : केलेल्या कामाचे पैसे दे म्हणावं. पुढच्या कामाची अट त्याला नको.

मालक : बघा वहिनी. मी द्यायला तयार, हेच घ्यायला तयार नाहीत! आता माझी बाजू ऐका. महिन्यापूर्वी हे गाडी घेऊन आले, किल्ली या टेबलावर ठेवली आणि चालते झाले. का, कशासाठी, एक अक्षर नाही. दुसऱ्या दिवशीची खेप भरलेली उभी. पार्टीचा माल थांबला, दंड मला बसला. असं काम टाकून गेलेल्या माणसाचा हिशेब कसा करायचा, तुम्हीच सांगा. आणि ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा फुटलेला, दारावर ओरखडा. तोही मी गुपचूप सोसला.

बायको : आरसा फुटला होता? हे तुम्ही मला बोलला नाहीत.

ड्रायव्हर : फुटला होता.

बायको : कसा?

ड्रायव्हर : घरी सांगतो.

बायको : घरी तुम्ही महिनाभर होतात. इथेच सांगा.

मालक : सांगा ना उस्ताद. मलाही ऐकायचंय. बावीस वर्षांत ज्यांच्या गाडीला साधा चरा नाही, त्यांचा आरसा कसा फुटतो?

ड्रायव्हर : कालव्याच्या पुलाआधी वळण आहे. तिथे रस्त्याचं काम चालू होतं, डावी बाजू खणलेली, गाड्या उजव्या कडेने सोडत होते. एक बाई कडेने खडीचं घमेलं घेऊन चालली होती. माझ्याच बाजूने, समोरून.

मालक : मग?

ड्रायव्हर : मला दिसली नाही.

बायको : म्हणजे? अंधार होता?

ड्रायव्हर : दुपारचे बारा वाजले होते. लख्ख ऊन. आरसा घमेल्याला लागला तेव्हा कळलं, तिथे माणूस आहे. घमेलं उडून पलीकडे पडलं. बाईला काही झालं नाही, वीतभराने वाचली. मी उतरलो. ती मला शिव्या देत होती आणि मी तिला विचारत होतो, बाई, तुम्ही कुठून आलात? ती म्हणाली, अरे, समोरून आले, तुझ्या डोळ्यांदेखत!

बायको : अहो...

ड्रायव्हर : उजवा डोळा. त्यावर पडदा आलाय. सरळ बघितलं तर थोडं दिसतं, त्या बाजूचं काहीच दिसत नाही. पुलापासून इथवर वीसच्या वर काटा नेला नाही. मागचे सगळे हॉर्न वाजवत होते. आलो, किल्ली ठेवली. आता मी गाडी चालवणार नाही. नवी नाही, जुनी नाही.

बायको : कधीपासून?

ड्रायव्हर : झाले सहा-सात महिने.

बायको : सात महिने! आणि मी शेजारी झोपतेय!

मालक : थांबा वहिनी, जरा थांबा. सात महिने? म्हणजे माझी गाडी, पंधरा टन माल घेऊन, एक आंधळा माणूस चालवत होता? अरे, तुला अक्कल आहे की नाही? ती बाई मेली असती तर? विमावाल्याने हात वर केले असते. पोलीस इथे आले असते, माझ्या दारात. चारही गाड्या जप्त झाल्या असत्या. आणि वर तू पगार मागायला येतोस?

बायको : पाच महिन्यांचा पगार गेला, आता 'तुम्ही'चंही 'तू' झालं वाटतं.

मालक : वहिनी, तुम्ही मधे पडू नका! ही चेष्टा नाही. मी म्हटलं तर याच्यावर तक्रार करू शकतो. लायसन्स रद्द होईल.

ड्रायव्हर : कर. लायसन्स मी तसंही वापरणार नाही. पण एक आठवतं का बघ. सहा महिन्यांपूर्वी, याच खोलीत. तू त्या खिडकीपाशी फोनवर होतास. मी म्हटलं, दोन दिवस सुट्टी दे, डोळा दाखवायचाय.

मालक : असेल. रोज कोण ना कोण सुट्टी मागतं.

ड्रायव्हर : तू म्हणालास, एवढी खेप करून या. खेप करून आलो. पुन्हा म्हटलं. तू म्हणालास, सीझन आहे उस्ताद, माणूस नाही, महिनाभर ओढा. ओढला. मग मी म्हटलं, सुट्टी नको, पगार तरी दे, वाटेत एका डॉक्टरला विचारलं, त्याने तपासणीचे आणि ऑपरेशनचे पैसे सांगितलेत. तेव्हा पहिलाच महिना थकला होता. तू म्हणालास, पुढच्या आठवड्यात.

मालक : मला काय माहीत डोळ्याचं एवढं आहे ते? तुम्ही नीट सांगितलं नाही.

ड्रायव्हर : नाही सांगितलं. माझीही चूक आहे. चूक कसली, गुन्हाच. डोळा असा असताना मी गाडीवर बसायलाच नको होतं. ती बाई माझ्या स्वप्नात येते, घमेलं घेऊन. पण बसलो कशासाठी, तर गाडी सोडली की मागचे पैसे तू देणार नाहीस, हे मला माहीत होतं. पगार वेळेवर मिळाला असता तर तेव्हाच ऑपरेशन करून घेतलं असतं.

मालक : वा! म्हणजे तुमचा डोळा बिघडला, तोही माझ्यामुळे!

ड्रायव्हर : डोळा नाही. ती बाई.

मालक : हे बघा, मला भावनेत अडकवू नका. सरळ बोलतो. कागद काय आहे तुमच्याकडे? नेमणुकीचं पत्र आहे? पगाराची चिठ्ठी आहे? हजेरी आहे कुठे? उद्या मी म्हटलं, हा माणूस बदली म्हणून दोन-चार खेपा आला होता, त्याचे पैसे त्याच दिवशी चुकते केले, तर तुम्ही काय दाखवणार?

बायको : असं म्हणाल तुम्ही?

मालक : म्हणणार नाही. पण म्हणू शकतो. म्हणून सांगतो, दोन महिन्यांचे घ्या आणि विषय मिटवा. आरशाचे, दंडाचे मी सोडले. चांगुलपणाने देतोय.

बायको : चला हो. उठा. यांनी तुम्हाला बदलीवाला केलं, आता आणखी काय ऐकायचं राहिलंय? ज्याला तुम्ही गिअर कसा टाकायचा ते शिकवलं...

ड्रायव्हर : बस जरा. ती पिशवी दे इकडे.

बायको : यात डबा आहे.

ड्रायव्हर : डब्याच्या खाली. हं. घे रे हे. मोजून घे.

मालक : हे काय... अरे! या तर पोच आहेत!

बायको : कसले कागद?

ड्रायव्हर : माल उतरला की घेणारा यावर सही-शिक्का मारून देतो, माल पोचला म्हणून. ही पोच दाखवल्याशिवाय पार्टी भाड्याचं बिल देत नाही. शेवटच्या नऊ खेपांच्या आहेत. सिमेंटवाल्याच्या.

मालक : मी सगळं ऑफिस पालथं घातलं यांच्यासाठी! सिमेंटवाला म्हणतो, पोच आणा, पैसे न्या. मला वाटलं, कुठेतरी गहाळ झाल्या.

बायको : मगाशी तर म्हणालात, तो छदाम देत नाही.

मालक : ते... जुन्या बिलांचं वेगळं आहे.

बायको : आणि अहो, तुम्ही काय करताय? हे कागद त्याला पैशाएवढे, आणि तुम्ही असेच देऊन टाकताय? परत घ्या! आधी पाच महिन्यांचे ठेव म्हणावं टेबलावर, मग कागद.

ड्रायव्हर : तेच ठरवलं होतं. किल्ली ठेवली त्या दिवशी या पिशवीतच राहिल्या होत्या. घरी गेल्यावर दिसल्या. म्हटलं, अडवायच्या. तीन आठवडे कपाटात कपड्यांखाली होत्या. पण रोज उठून तिथे हात लावून बघायचो. चोरीचा माल घरात असल्यासारखं वाटायचं. माल मी पोचवलाय, त्याची पोच आणून द्यायची, हे माझं काम आहे. ते राहिलं होतं, आज झालं.

बायको : तुम्ही आणि तुमचं काम! धन्य आहे.

मालक : उस्ताद, तुम्ही खरंच... काय बोलू मी आता?

ड्रायव्हर : थांब, एवढ्यात गहिवरू नकोस. प्रत्येक पोचेवर ड्रायव्हरचं नाव आणि सही असते. तारीख, गाडीचा नंबर. या नऊच्या नकला काढल्यात. मागच्या खेपांच्याही, माल उतरवतात तिथल्या कारकुनाने जुन्या काढून दिल्या. एकूण एकेचाळीस. परवा कामगार कार्यालयात गेलो होतो.

बायको : तुम्ही? एकटे?

ड्रायव्हर : विचारत विचारत गेलो. तिथल्या बाईंनी अर्ज लिहून घेतला, नकला जोडल्या, शिक्का मारून एक प्रत मला दिली. बदलीवाला एकेचाळीस खेपा करतो का, ते त्या ठरवतील. येत्या बुधवारी अकरा वाजता तुला बोलावलंय. नोटीस येईल आज-उद्या.

मालक : म्हणजे आधी तक्रार, आणि मग इथे?

ड्रायव्हर : इथे पाच महिने येत होतो. तक्रार परवा केली.

बायको : आणि मला सांगितलं असतंत तर मी दुकान बंद करून आले नसते!

ड्रायव्हर : तू आलीस ते बरं झालं. डोळ्याचं मला एकट्याला सांगता आलं नसतं. यालाही नाही, तुलाही नाही.

मालक : उस्ताद.

ड्रायव्हर : बोल.

मालक : एक खरं सांगू? वहिनी, तुम्हीही ऐका. चार गाड्या, चार हप्ते. पैसे येतात ते सगळ्यांना पुरत नाहीत. बँकेचा थांबवला तर बँक ओरडते. डिझेलवाल्याचे थांबवले तर तो पंपावर गाडी अडवतो. बाकीचे दोन ड्रायव्हर शिवीगाळ करून घेऊन जातात. मी रोज सकाळी इथे बसून बघतो, आज कुणाचे थांबवायचे. तुम्ही ओरडणार नाही, हे मला माहीत होतं. म्हणून दर महिन्याला तुमचेच थांबवले.

बायको : हे सांगायला लाज नाही वाटत?

मालक : वाटते. म्हणून तर फोन उचलत नव्हतो.

ड्रायव्हर : आता काय करतोस ते बोल.

मालक : खात्यात नव्या गाडीच्या हप्त्याचे आहेत. परवा जायचेत. त्यातून तीन महिन्यांचे आत्ता टाकतो. वहिनींच्या नंबरवर टाकू?

बायको : माझ्याच टाका. यांच्यावर टाकलेत तर हे परत देतील कणव येऊन.

मालक : झालं बघा. गेले.

बायको : थांबा, येऊ द्या. रेंज नाही तुमच्या या पत्र्याखाली... हं. आले. तीन.

मालक : आणि उरलेले दोन, सिमेंटवाल्याचं बिल सुटलं की.

ड्रायव्हर : तारीख सांग.

मालक : वीस. वीस तारखेच्या आत. इथेच लिहून देतो.

ड्रायव्हर : इथे नको. बुधवारी तिकडे बाईंसमोर लिहून दे.

मालक : अजून बुधवारी यायचंच? तीन दिले ना मी? ती तक्रार मागे घ्या की उस्ताद. चारचौघांत नाव जाईल माझं.

ड्रायव्हर : पाचही आले की त्याच दिवशी मी स्वतः जाऊन मागे घेईन. आधी नाही.

मालक : माझ्यावर एवढाही विश्वास नाही?

ड्रायव्हर : नाही.

मालक : ...बरं. बुधवारी अकरा वाजता. येतो मी.

ड्रायव्हर : आणि नव्या गाडीवर जो ठेवशील, त्याचा पगार एक तारखेला करत जा. तो ओरडणारा असो नाहीतर नसो.

(दोघं फाटकाबाहेर येतात. समोर रहदारीचा रुंद रस्ता. बसचा थांबा पलीकडच्या बाजूला आहे.)

बायको : किती सांगितले होते डॉक्टरने?

ड्रायव्हर : दीड महिन्याच्या पगाराएवढे.

बायको : मग उद्याच जायचं. इस्त्रीचे गठ्ठे राहू देत आणखी एक दिवस.

ड्रायव्हर : भाडं थकलंय ना दोन महिन्यांचं?

बायको : घरमालकाला मी बघते. तो आला की मी पण आवाज बदलून सांगेन, बाई बाहेरगावी गेल्यात.

ड्रायव्हर : रागावलीस?

बायको : रागावले. घरी गेल्यावर नीट रागावणार आहे, इथे रस्त्यात नाही. सात महिने... दर खेपेला तुम्ही निघालात की मी दारात उभी राहायचे, गाडी वळेपर्यंत. तुम्ही हात करायचात. मी दिसत तरी होते का?

ड्रायव्हर : नीट नाही. पण तू तिथे असायचीस, हे माहीत होतं.

बायको : चला आता. बस येईल.

ड्रायव्हर : उजवीकडून काही येतंय का?

बायको : थांबा. एक ट्रक आहे... मागे आणखी एक. जाऊ द्या त्यांना... हं. चला, आता मोकळा आहे रस्ता.